दहावा माणूस ठेवताय? छोट्या धंदेवाल्यांसाठी कामगार कायदा, पायरी-पायरीनं

मी छोट्या धंद्यांची पगारपत्रकं करते, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) भरते. माझी गिऱ्हाईकं म्हणजे बेकरी, गॅरेज, क्लिनिक, कोचिंग क्लास, दोन-चार मशीनचं वर्कशॉप असलेली मंडळी, आणि यातल्या बहुतेकांचा समज असतो की कामगार कायदा म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्याकडं सगळी घरच्यासारखी माणसं, आपल्याला काय लागू होणार. हा समज किती महागात पडतो ते मी एकदा फार जवळून बघितलं, म्हणून आधी तेच सांगते.

एका बेकरीत पहाटे पीठ मळायच्या मशीनमध्ये पोराचा हात गेला, दोन बोटं गेली. मालक सज्जन माणूस, त्यानं स्वतःच्या खिशातून दवाखाना केला, पोराच्या घरी जाऊन आला, आणि मग माझ्याकडं आला की ताई आता पुढं काय. मी विचारलं ईएसआय आहे का, तर म्हणाला आमच्याकडं आठच माणसं, आम्हाला कुठलं ईएसआय. आम्ही दोघं हजेरीची वही घेऊन बसलो. भट्टी आणि काउंटर मिळून आठ बरोबर होते, पण सकाळी दोन तास स्कूटरवर पाव टाकणारी दोन पोरं वहीत नव्हती, त्यांना रोख पैसे जायचे, आणि संध्याकाळी ट्रे धुवायला येणाऱ्या मावशीही वहीत नव्हत्या. झाले अकरा. ईएसआय दहा माणसांना लागतं, म्हणजे त्याला ते दीड वर्षापूर्वीच लागू झालं होतं. त्या पोराचा पगार १४,००० होता, त्यावर मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के म्हणजे महिन्याला ४५५ रुपये आणि पोराचा ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये. एवढं भरलं असतं तर दवाखाना ईएसआयचा, बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता ईएसआयचा, आणि बोटं गेली त्याबद्दल पोराला दरमहा पैसे मिळाले असते तेही ईएसआयचेच. ते सगळं मालकाच्या अंगावर आलं. म्हणून माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे, की आधी माणसं मोजा आणि जे ठरलंय ते कागदावर आणा, अर्धी दुखणी तिथंच संपतात. आता एकेक पायरी घेऊ.

पहिली पायरी, माणसं मोजा (आणि खरी मोजा)

छोट्या धंद्याला कुठला कायदा लागतो हे जवळजवळ सगळं आकड्यावर ठरतं. मोजताना कायम, हंगामी, अर्धवेळ, रोजंदारीवरचे आणि पीएफ-ईएसआयसाठी तर ठेकेदारामार्फत येणारे पण धरायचे. घरचा माणूस पगार घेत असेल तर तोही आला. वहीत नाव नाही म्हणून माणूस मोजणीतून सुटत नाही हे लक्षात ठेवा.

एक माणूस असला तरी किमान वेतन, वेळेवर पगार, बालकामगार बंदी हे लागूच आहे. व्यवसाय कराची वेगळी अट नाही, पगार मर्यादेच्या वर गेला की कापायचा. ५ झाले की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. १० झाले की खरा टप्पा येतो, कारण इथं एकदम ईएसआय, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम), प्रसूती रजा आणि लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती हे चारही येतात. २० झाले की पीएफ, बोनस आणि तक्रार निवारण समिती. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी हे एकदा लागू झालं की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही, त्यामुळं "दोघांना काढलं, आता आम्ही अठराच आहोत" हे चालत नाही.

मी गिऱ्हाईकांना सांगते की दर महिन्याच्या १ तारखेला वहीच्या कोपऱ्यात त्या महिन्याचा आकडा लिहून सही करा. आठ किंवा अठरा दिसला की मला फोन करा, दहाव्याची आणि विसाव्याची वाट बघू नका.

अजून एक सांगायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यात गेले, म्हणजे वेतनाची एक, औद्योगिक संबंधांची एक, सामाजिक सुरक्षेची एक आणि कामाच्या जागेची सुरक्षितता-आरोग्याची एक. त्यामुळं गुगलवर जुना लेख वाचून काही ठरवू नका, तारीख बघा आधी. पण वर सांगितलेले १० आणि २० चे आकडे पूर्वीचेच आहेत, पीएफ-ईएसआय भरायची पद्धतही तीच चालू आहे, घाबरून जायचं कारण नाही.

दुसरी पायरी, नोंदण्या

शॉप ॲक्ट सगळ्यांना माहीत असतो, मुंबईत त्याला गुमास्ता म्हणतात. २०१७ चा राज्याचा कायदा आला तेव्हा १० पेक्षा कमी माणसं असतील तर लायसन्स नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असं झालं, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारनं ही मर्यादा १० वरून २० केली. म्हणजे २० पेक्षा कमी माणसं असतील तर धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत सूचना टाकायची आणि तिची पावती जपून ठेवायची, बँकेत चालू खातं काढताना पण ती लागते. २० आणि वर असाल तर रीतसर नोंदणी. इथं एक मोठा घोळ होतो, लोक म्हणतात शॉप ॲक्टची मर्यादा २० झाली म्हणजे ईएसआय पण २० ला. अजिबात नाही! ईएसआय १० लाच आहे. आणि मराठीत देवनागरीत पाटी लावायचा नियम तर २०२२ पासून छोट्या दुकानालाही आहे, एक माणूस असला तरी.

व्यवसाय कराच्या दोन नोंदण्या असतात आणि लोक एकच करून मोकळे होतात. एक धंद्याची स्वतःची, तिचे वर्षाला २,५०० भरायचे. दुसरी मालक म्हणून, कामगारांच्या पगारातून कापून भरायची. १०,००० च्या वर पगार असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, बायकांना मात्र २५,००० पर्यंत पगार असेल तर काहीच कापायचं नाही. बऱ्याच ठिकाणी मी बघितलंय की काउंटरवरच्या मुलीचे पण दरमहा २०० कापतात, सॉफ्टवेअरला ती बाई आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते तिचे पैसे आहेत, परत द्या.

कामगार कल्याण निधी वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून. कामगाराचे २५, मालकाचे ७५. रक्कम किरकोळ म्हणून विसरतात आणि मग सहा-सहा वर्षांचं एकदम भरायची वेळ येते.

तिसरी पायरी, नेमणूक पत्र

हे मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन समजावते, कारण माझ्याकडं आलेली दहातली आठ भांडणं इथून सुरू झालेली असतात. मालक म्हणतो मी १५ बोललो होतो, कामगार म्हणतो १५ हातात बोलला होता, आणि दोघंही खरंच बोलत असतात. नव्या संहितेत १० किंवा जास्त कामगार असतील तर नेमणूक पत्र देणं सक्तीचं आहे, जुन्या माणसांनासुद्धा. पण तुमच्याकडं दोनच माणसं असली तरी द्या.

वकिलाची भाषा नको, एक पान मराठीत पुरतं. नाव, रुजू झाल्याची तारीख, काम काय, पगार किती आणि त्यातलं बेसिक किती, भत्ते किती, कापून हातात साधारण किती येणार, कामाची वेळ, सुट्टीचा वार, रजा, सोडताना किंवा काढताना किती दिवसांची नोटीस, आणि प्रोबेशन असेल तर किती महिने. दोन प्रती, दोघांच्या सह्या, एक त्याच्या हातात. सही करताना त्याला वाचून दाखवा, नुसतं "कर रे सही इथं" असं नको.

सोबत आधारची झेरॉक्स, बँक पासबुक, फोटो आणि वयाचा पुरावा. वयाचा पुरावा टाळू नका. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे, २०,००० ते ५०,००० दंड आणि सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते, आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. "गावाकडचा आहे, शिकतोय" हे कारण कुणी ऐकत नाही. मूळ सर्टिफिकेट, एटीएम कार्ड असलं काही ठेवून घेऊ नका, बघायचं आणि लगेच परत द्यायचं.

चौथी पायरी, पगार

किमान वेतन राज्य सरकार ठरवतं. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी असते, तुमची जागा महापालिकेत आहे, नगरपालिकेत आहे की गावात यावर परिमंडळ ठरतं, आणि वर महागाई भत्ता असतो जो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. म्हणजे वर्षातून दोनदा नवीन तक्ता काढून पगारपत्रकाशी ताडून बघायचाच. दुकानं-आस्थापनांचा तक्ता वेगळा, हॉटेलचा वेगळा, इंजिनिअरिंगचा वेगळा, हे पण बघा, शेजारच्या दुकानाचा आकडा उचलू नका.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि शक्यतो बँकेतच. रोख देऊ नका असं मी का म्हणते ते सांगते. वेतन संहितेत पगार मिळाला नाही असा दावा झाला तर तो दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. तीन वर्षांपूर्वी तुम्ही गल्ल्यातून काढून दिलेले १४,००० तुम्ही कसे सिद्ध करणार? बँकेची एंट्री मात्र कायम बोलते. उचल दिली असेल तर तीही वहीत लिहा, सही घ्या, आणि सगळी कपात मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. ग्लास फुटला, गल्ला कमी भरला म्हणून मनाला येईल तेवढं कापता येत नाही, आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

आता ५० टक्क्यांचा नवा नियम, ज्यावर सगळे फोन करतायत. आधी बेसिक लहान ठेवून भत्ते मोठे दाखवायची पद्धत होती म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी कमी बसावी. आता घरभाडं, प्रवास वगैरे वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा जास्तीचा भाग परत पगारात धरायचा. उदाहरण घ्या, तुमच्या मॅनेजरला एकूण ४४,००० आहेत, बेसिक १६,०००, घरभाडं १६,०००, प्रवास १२,०००. वगळायचे भत्ते झाले २८,०००, निम्मे होतात २२,०००, म्हणजे ६,००० जास्त, ते बेसिकमध्ये मिळवले की कायद्याच्या हिशोबानं पगार २२,०००. सात वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या बेसिकवर साधारण ६४,६१५ आली असती ती आता ८८,८४६ येते (पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं). पीएफ तुम्ही १५,००० च्या मर्यादेवर भरत असाल तर तिथं हातातल्या पगारात काही फरक पडत नाही. आणि किमान वेतनाच्या आसपास पगार असलेल्या पोरांच्या बाबतीत हा खेळ करायला जागाच नसते, कारण बेसिक अधिक महागाई भत्ता हाच किमान वेतनाएवढा लागतो.

पाचवी पायरी, दर महिन्याची १५ तारीख

पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. पीएफ कामगाराचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के आणि वर थोडा प्रशासन खर्च आणि विम्याचा हिस्सा, साधारण १३ टक्के धरून चला. मालकाच्या १२ मधले ८.३३ पेन्शनला जातात. ईएसआय २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. सहामाहीच्या मध्येच पगार वाढवून २१,००० च्या वर नेला तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू ठेवायची, लगेच बंद करायची नाही, ही चूक फार जण करतात.

कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे हे तुमचे नाहीतच, ते त्याचे आहेत आणि तुमच्याकडं फक्त १५ तारखेपर्यंत ठेवायला दिलेत. या महिन्यात माल भरायचाय, पुढच्या महिन्यात भरू असं एकदा झालं की मग ते होतच राहतं, उशिरावर १२ टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई वेगळी. तुमचे स्वतःचे पैसे उशिरा गेले तर व्याजावर भागेल, पण त्याचे कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. म्हणून मी सांगते पगाराच्या दिवशीच हे पैसे वेगळ्या खात्यात काढा.

नवीन माणूस आला की त्याचा जुना युएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहे का ते आधी विचारा. नसेल तर उमंग ॲपवर चेहरा दाखवून तो स्वतःच काढू शकतो, पाच मिनिटांचं काम आहे, त्याच्याच मोबाइलवर करून द्या. नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच, "ज्ञानेश्वर"चं स्पेलिंग एका अक्षरानं चुकलं तरी पुढं पैसे काढताना तो माणूस वर्षभर हेलपाटे घालतो.

२० माणसं झाली की बोनस, कमीत कमी ८.३३ टक्के, वर्षात ३० दिवस काम केलेल्याला, तोटा असला तरी. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि पाकीट देता ते बोनस म्हणून धरायचं असेल तर पगारपत्रकात बोनस म्हणून लिहा.

सहावी पायरी, वेळ, रजा आणि बायकांची नोकरी

आठवड्याला ४८ तास, एक दिवस सुट्टी, वर काम करून घेतलं तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार सुट्ट्या ठरलेल्या आणि अजून चार सणांच्या कामगारांशी बोलून ठरवायच्या, असा आपल्या शॉप ॲक्टचा हिशोब आहे. २० पेक्षा कमी असाल तरी हाच पाळा, कुणाला समजावत बसावं लागत नाही. वीस दिवस कामाला एक भरपगारी रजा हे गणित पण तसंच.

आता प्रसूती रजा. छोटे मालक मला खासगीत सांगतात की म्हणूनच आम्ही लग्न झालेली मुलगी घेत नाही, २६ आठवडे पगार कुठून देणार. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुलगी ईएसआयमध्ये असेल तर तो पगार तुम्ही द्यायचाच नसतो, ईएसआय देतं! तिचं वर्गणीचं गणित भरलेलं हवं, आधीच्या दोन सहामाहीत मिळून ७० दिवस. ईएसआयच्या बाहेर असलेली असेल आणि तुमच्याकडं १० माणसं असतील तर मग मालकानं द्यायचा, त्यासाठी तिनं आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे, तिसऱ्याला १२. या काळात तिला काढता येत नाही.

१० माणसं झाली की अंतर्गत समिती. अध्यक्ष तुमच्याकडची वरिष्ठ बाई, कामगारांतले किमान दोन आणि बाहेरची एक व्यक्ती जी या क्षेत्रातल्या संस्थेची असेल, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत. समिती केली नाही तर ५०,००० दंड. दहापेक्षा कमी असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, ही माहिती कागदावर लिहून दुकानात मागच्या बाजूला, जिथं बायका डबा खातात तिथं लावा.

सातवी पायरी, माणूस जाताना

सगळ्यात जास्त चुका इथं, कारण तेव्हा डोकं तापलेलं असतं. "उद्यापासून येऊ नको" या तीन शब्दांवर वर्षानुवर्षं केसेस चालतात. माणूस चुकला असेल तर लेखी विचारा, उत्तर द्यायला वेळ द्या, त्याचं म्हणणं ऐका, मग निर्णय लेखी द्या. आधी दिलेले मेमो फाइलला असतील तर तुमची बाजू टिकते. काम कमी झालं म्हणून कमी करायचं असेल आणि त्यानं वर्षभर काम केलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार भरपाई. न सांगता यायचाच बंद झाला तर गप्प बसू नका, घरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवा की कामावर या, नाही तर तोच पुढं म्हणू शकतो की मला काढलं.

आणि हिशोब. आता राजीनामा असो की काढलेलं असो, पगाराचा शेवटचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय. पूर्वीसारखं "पुढच्या महिन्यात ये, बघू" चालणार नाही. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, पण ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवला असेल तर एक वर्षावर पण हिशोबानं द्यावी लागते, मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही.

हिशोबाचा कागद असा करते मी, डाव्या बाजूला द्यायचं, म्हणजे कामाच्या दिवसांचा पगार, उरलेली रजा, ओव्हरटाइम, बोनस, ग्रॅच्युइटी. उजव्या बाजूला घ्यायचं, म्हणजे उचल, नोटीस कमी दिली असेल तर ती. खाली रक्कम अक्षरी, बँकेचा व्यवहार नंबर, दोघांच्या सह्या. त्याच दिवशी अनुभवाचं पत्र हातात द्या, अडवून ठेवू नका, आणि पीएफच्या पोर्टलवर त्याची सोडल्याची तारीख टाका, कारण ती टाकली नाही तर त्याचे पैसे अडकतात आणि तो दर आठवड्याला तुमच्याच दारात येऊन उभा राहतो.